बटण दाबलं, पंखा हलेना: 'टिफ्रॅक'पासून आपल्या टेबलापर्यंत

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांनी पगारातून पैसे बाजूला काढून, एकेक पार्ट जमवून आपला पहिला पीसी स्वतः जोडलाय. चिखली-मोशीकडची भाड्याची खोली, रात्रीचे अकरा. शेवटचा स्क्रू बसतो, बटण दाबलं जातं आणि... काहीच नाही. ना पंखा, ना लाइट. डोक्यात पहिला विचार, "गेले पैसे पाण्यात!"

जरा थांबा. आपल्या हातांनी जोडलेलं पहिलं मशीन चालू कसं करायचं, हा प्रश्न आपल्या देशाला 70 वर्षांपूर्वीच पडला होता. तोही इथून तीन-चार तासांवर, मुंबईत.

1950 च्या दशकात होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या हाताखाली काही तरुण मुलं कॉम्प्युटर बनवायला बसली. त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी कॉम्प्युटर वापरलेलाही नव्हता. यूट्यूब नाही, गुगल नाही. शेवटी जे मशीन उभं राहिलं त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह होते, जुन्या रेडिओत असायचे तसे. शिवाय 1,700 डायोड आणि 12,500 रेझिस्टर. मेमरी 2,048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 बिटचा. आजच्या हिशोबात फक्त 10 केबी! व्हॉट्सॅपवर येणारा 'गुड मॉर्निंग'चा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

आता विचार करा, एवढ्या हजारो पार्टमधला नेमका कुठला रुसलाय, हे शोधायचं कसं? त्यांनी दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. एक, थेट मोठ्या मशीनला हात घातला नाही. आधी छोटं, प्रायोगिक मशीन बनवलं. ते 1956 मध्ये चालू झालं. त्यावर डिझाइन तपासलं, हात बसवला आणि मगच मोठं मशीन उभं केलं. ते 1960 मध्ये रीतसर कामाला लागलं. त्याचं 'टिफ्रॅक' हे नाव पंडित नेहरूंनी ठेवलं. दोन, 18 फूट लांबीची त्याची लोखंडी रॅक सुट्या भागांची होती आणि प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी दारं होती. का? तर बिघाड होणार हे धरूनच चालायचं, आणि तो झाला की हात आत गेला पाहिजे.

आता आपल्या टेबलावर या. इथे बटणाचा इतिहास माहीत असला तर निम्मं काम होतं. जुन्या एटी पीसीत बटण म्हणजे घरातल्या दिव्यासारखा खटका असायचा. तो थेट 230 व्होल्टची लाइन जोडायचा. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि बटणाचं काम बदललं. आता बटण फक्त मदरबोर्डवरच्या दोन पिना क्षणभर जोडतं. मदरबोर्ड तो इशारा 24 पिनच्या केबलमधल्या एका वायरवरून एसएमपीएसला पोचवतो आणि मग वीज सुटते. म्हणजे बटण, वायर, मदरबोर्ड, एसएमपीएस अशी साखळी आहे. एक कडी सुटली तरी सगळं मढ्यासारखं पडून राहतं, आणि बाकीचे पार्ट मात्र ठणठणीत असतात.

म्हणून क्रम धरा. बोर्डाच्या सॉकेटमध्ये वीज आहे का? मोबाइलचा चार्जर लावून बघा. एसएमपीएसच्या मागचा खटका चालू बाजूला आहे का? मग प्लग काढा आणि 24 पिनची केबल आणि प्रोसेसरची वेगळी केबल खटकन आवाज येईपर्यंत बसवा. बटणाची बारीक वायर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्याच पिनांवर आहे ना, तेही बघा.

तरी नाही? मग टिफ्रॅकवाल्यांची युक्ती वापरा, मशीन छोटं करा. प्लग काढून मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर घ्या, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, एसएमपीएस. बस्स. प्लग लावा आणि बटणाच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरला, तर दोष बहुधा कॅबिनेटमध्ये: एक तर बटण खराब, नाहीतर बोर्डाखाली जास्तीचा पितळी खुंटा राहून शॉर्ट होतोय. नाही फिरला, तर संशय एसएमपीएस किंवा मदरबोर्डवर. ओळखीच्याचा एसएमपीएस लावून बघितलं की तोही निकाल लागतो. फक्त एक सांगतो, एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

आपल्या चाकण-भोसरीत हे शिकवायला वेगळा मास्तर लागत नाही. लाइन बंद पडली की मेंटेनन्सचा अनुभवी माणूस आधी मोटर बदलत नाही. सप्लाय, फ्यूज, इमर्जन्सी स्टॉपचं बटण असं एकेक तपासत पुढे जातो. घाबरून तीन पार्ट एकदम बदलले, तर मशीन कदाचित चालेलही, पण दोष कशात होता हे कळणार नाही, आणि चांगला पार्ट उगाच परत जाईल.

टिफ्रॅक 1960 च्या दशकाच्या मध्यालाच निवृत्त झाला. पण मशीन आतून ओळखणारी माणसं त्याने तयार केली. तुमचा पीसीही चार-पाच वर्षांत जुना होईल. तो कसा चालू केलात, हे मात्र पुढच्या प्रत्येक मशीनला उपयोगी पडेल.

तर प्लग काढा, झाकण उघडा आणि पहिल्या कडीपासून सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात!