उठलं का?

माझ्या डाव्या दंडावर देवीचे दोन वण आहेत. आईच्या दंडावर चार होते. बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या घरी हातमाग होता. आई कांड्या भरायला बसली आणि बाही वर सरकली की ते चारही दिसायचे. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत विचारायची, दुखतं का गं? ती म्हणायची, "तेव्हा दुखलं. दुखलं म्हणून तर लागली."

देवी काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोचल्या जागी पुळी यायची. आठवडाभरात तिचा टपोरा फोड व्हायचा, भोवती लालबुंद सूज, काखेत अवधाण, अंगात ताप. मग खपली धरायची आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गळून पडायची. आज्जी तोवर घरात फोडणी घालू देत नसे, उंबऱ्याला कडुलिंब बांधायची. तिच्या लेखी टोचून आलेली देवीसुद्धा आईच होती. टोचणारा आठवड्यानं पुन्हा दारात यायचा, तो "उठलं का?" असं विचारतच. फोड उठला नसेल तर लस लागली नाही, पुन्हा टोचायचं.

त्याआधीच्या शतकात हा आठवा दिवस फार कठोर होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस लागली, हिंदुस्थानातली पहिली. तिच्या फोडातली लस पुढच्या मुलांना, त्यांच्यातली आणखी पुढच्यांना, अशी ती दंडावरून दंडावर देशभर गेली. पोर तापानं फणफणलेलं, दंडाला हात लावू देत नाही, आणि नेमका तोच फोड उघडून लस काढायची. आया पोरं लपवत. सरकारी कागदांत त्यांना अडाणी म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. त्या दुखऱ्या दंडावर पुन्हा हात पडू नये एवढंच त्या मागत होत्या.

वासरांच्या अंगावर लस वाढवायला लागल्यावर पोरांची त्यातून सुटका झाली. मुंबई इलाख्यासाठी ही लस बनायची ती आमच्याच बेळगावात, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तरी काम चालूच राहिलं. पुढे उन्हातही टिकणारी कोरडी लस करणाऱ्या देशातल्या चार संस्थांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबादबरोबर बेळगाव होतं. आजची पोरं त्याच आवारात, व्हॅक्सिन डेपोवर, क्रिकेट खेळतात. तिथल्या झाडांखाली काय बनत होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

माझ्या वेळी टोचणाऱ्याकडे दातेरी चकतीचं हत्यार होतं, कातडीवर दाबून गरकन फिरवायचं. जखम मोठी व्हायची. नंतर दुतोंडी सुई आली. तिचे भराभर पंधरा टोचे, पण त्रास कितीतरी कमी. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी आसामात सापडला आणि १९८० साली जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर देवीचा वण नाही.

२०२१ च्या जूनमध्ये मी आणि आमचे हे कोविशील्ड घेऊन आलो. माझी सुई जुन्या वणांच्या बोटभर खाली गेली. रात्री दंड ठणकू लागला, पहाटे हुडहुडी भरून ताप आला. सून म्हणाली, "आत्या, पॅरासिटामॉल घ्या, आणि हात हलवत राहा." ओल्या फडक्याची घडी ठेवली, कांड्या भरत बसले, दुसऱ्या दिवशी उतार पडला. शरीर लशीला ओळखून कामाला लागतं, त्याचीच ती सूज आणि तोच ताप.

ह्यांना मात्र काहीच झालं नाही. त्याचीच त्यांना काळजी. दंड दाबून बघायचे, "मला लागली नाही वाटतं. पुन्हा जाऊ का?" साठ वर्षांपूर्वीच्या टोचणाऱ्याचा प्रश्न अजून त्यांच्या मनात होता. मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, की ती लस कातडीवर जिवंत वाढायची म्हणून फोड उठायलाच हवा होता. ही स्नायूत जाते, दुखलं नाही तरीही काम करते.

त्यांना पटलं. चौऱ्याऐंशी दिवसांनंतरची तारीख मोजून त्यांनी ती खडूनं मागाच्या खांबावर लिहून ठेवली.