शफाखान्याचे गवई

संगीताने व्याधी शमते ही समजूत पुरातन आहे, आणि अमुक रागाने अमुक रोग हटतो असे छातीठोकपणे सांगणारे आपल्याकडेही उदंड आहेत. परंतु समजूत निराळी आणि पेशा निराळा, आणि गवयाचे नाव वैद्याच्या जोडीने पगारपत्रकावर केव्हा चढले, हा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो.

त्याचे एक ठळक उत्तर तुर्कस्तानातील एदिर्ने नगरीत सापडते. सुलतान दुसरा बायेझीद याने तुंजा नदीच्या काठी १४८८ मध्ये पुऱ्या करविलेल्या इमारतींत मशीद, मुदपाकखाना व वैद्यकाचा मदरसा यांच्या सोबत एक दारुश्शिफा, म्हणजेच शफाखाना, होता. आणि सतराव्या शतकाच्या मध्यास तेथे गेलेला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो की, रुग्णांच्या, विशेषतः वेड्यांच्या, उपचारार्थ सुलतानाने वक्फनाम्यात दहा कलावंतांची तरतूद केली होती, त्यांपैकी तिघे गायक व उरलेले नेय, ऊद, संतूर इत्यादी वाद्ये वाजविणारे असून आठवड्यातून तीनदा त्यांची हजेरी लागे. चेलेबी अतिशयोक्तीचा शौकीन, तेव्हा त्याच्या प्रत्येक शब्दावर शिक्कामोर्तब करण्याचे कारण नाही. तथापि ती वास्तू अद्याप उभी आहे, आणि तिच्या षट्कोनी दालनातील घुमट, त्याखालचे कारंजे, सभोवारच्या खोल्या आणि वादकांसाठी उंचावलेला मंच पाहिला म्हणजे स्थपतीने संगीताला नकाशातच जागा राखून ठेवली होती, हे कबूल करावे लागते.

आजचा संगीतोपचाराचा पेशा मात्र या वारशातून उतरलेला नाही. महायुद्धांतून परतलेल्या जखमी व भ्रमिष्ट सैनिकांच्या अमेरिकन इस्पितळांत वादक प्रथम हौसेने, विनामोबदला येत. परंतु नुसत्या गळ्यावर किंवा बोटांवर हे काम निभत नाही, त्यासाठी मनाचे व शरीराचे शास्त्र शिकावे लागते, हे अनुभवांती कळल्यावर १९४४ मध्ये मिशिगन येथील महाविद्यालयात पदवीचा अभ्यासक्रम सुरू झाला, पाठोपाठ १९४६ मध्ये कॅन्सस विद्यापीठात थेयर गॅस्टन यांनी अध्यापन आरंभिले आणि १९५० मध्ये या पेशाचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

ज्या तरुण गायकवादकांच्या मनात ही वाट धरण्याचा विचार असेल, त्यांनी रागांची औषधी कोष्टके बाजूस ठेवून हा दुसरा इतिहास वाचावा. अमेरिकेत आजही या पदवीसाठी रुग्णांच्या सहवासातील किमान १२०० तासांची उमेदवारी पुरी करावी लागते.