असईच्या तोफा

जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. युरोप जगाला भारी का पडला, असे कुणी विचारले की आपले उत्तर ठरलेले असते: त्यांच्याकडे तोफा होत्या, शास्त्र होते. असईत हे उत्तर अडते.

तोफा शिंद्यांकडेही होत्या, उत्तर हिंदुस्थानातल्या त्यांच्याच कारखान्यांत ओतलेल्या. पलटणी द बॉइनने कवायत शिकवून उभ्या केलेल्या. त्या दुपारी वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकूनही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून तो असईचेच नाव घेई.

कमी पडत होता तो पगार. फौजेची थकबाकी भागवायला १७९८ मध्ये दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्यातल्या सावकारांना धरून, छळून पैसा काढला. अशा दरबाराला पुन्हा कर्ज कोण देणार? मुंबईच्या कंपनी सरकारचेही स्वतःच्या उत्पन्नात भागत नव्हते. पण त्याला सुरतेचे अर्जुनजी नाथजींसारखे सावकार आपणहून रोकड देत, कारण मोबदल्यात मिळणाऱ्या बंगालवरच्या हुंड्या वटत असत. हुंडीची रीत इथली, सावकार इथले, आणि हुंडीमागचा पैसाही इथलाच: १७६५ च्या दिवाणीनंतर बंगालच्या रयतेकडून गोळा होणारा सारा. १७७० च्या दुष्काळातही ती वसुली थांबली नव्हती. तेव्हा कंपनीच्या सचोटीचे गोडवे गायला नकोत. तिने रयतेला पिळले, सावकाराला मात्र सांभाळले.

या पतीच्या जोरावरच युद्धाच्या तोंडावर गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढला, की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची सोय कंपनी करील. बरेच जण गेले. खुद्द सरसेनापती पेराँ असईच्या आधीच इंग्रजांच्या आश्रयाला जाऊन बसला होता.

गोलंदाज तेवढे राहिले. इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे सरकले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही जण उठले आणि त्याच तोफांची तोंडे फिरवून त्यांनी मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत वळून त्या तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या.