आफ्रिकन व्हायोलेट : शोध जंगलातला, घडण घरातली

चार इंची कुंडीत मावणारे, लवदार पानांचे आणि योग्य जागा मिळाली तर जवळजवळ बारा महिने फुलणारे आफ्रिकन व्हायोलेट हे जगातल्या सर्वांत लाडक्या घरगुती रोपांपैकी एक आहे. त्याचा इतिहास बहुधा 1892 पासून सांगितला जातो. त्या वर्षी जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, टांगा जिल्ह्याचा अधिकारी बॅरन वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर याला उसांबराच्या डोंगराळ भागात हे रोप दिसले. त्याने ते जर्मनीत वडिलांकडे धाडले आणि वडिलांनी हॅनोवरच्या हेरेनहाउझेन राजोद्यानाचे संचालक हेर्मान वेंडलांट यांच्या हवाली केले. वेंडलांट यांनी 1893 मध्ये पितापुत्रांच्या आडनावावरून त्याला ‘सेंटपॉलिया’ हे नाव दिले आणि त्याच वर्षी गेंटच्या उद्यानप्रदर्शनात ते लोकांसमोर आले. या सगळ्या घटना खऱ्या आहेत, पण त्यांतून निघणारा अर्थ अपुरा आहे. रोप सापडणे वेगळे आणि ते घरातले होणे वेगळे. दुसरी गोष्ट बॅरनने केली नाही, वेंडलांट यांनीही केली नाही. ती बदललेल्या घरांनी आणि त्या घरांत राहणाऱ्या सामान्य माणसांनी केली.

याचा पहिला पुरावा मधल्या काळाचा. बॅरनच्या आधी, 1884 मध्ये, सर जॉन कर्क यांनी हेच रोप गोळा करून लंडनच्या क्यू उद्यानाकडे पाठवले होते. ते नमुने तिथे तसेच राहिले, त्यांतून काही उभे राहिले नाही. 1893 नंतर एर्फुर्टच्या बेनारी या बियाणे व्यापाऱ्यांनी बी बाजारात आणले, तरी पुढची तीसेक वर्षे हे रोप मुख्यतः काचघरांतच राहिले. कारण तेव्हाचे युरोप-अमेरिकेतले घर त्याला मानवणारे नव्हते. शेगडीपाशी ऊब आणि रात्री खिडकीपाशी गारठा, दिवसभर कोळशाचा धूर आणि संध्याकाळी गॅसचे दिवे. 1901 मध्ये रशियन संशोधक दिमित्री नेल्युबोव्ह यांनी प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे का वाढतात याचा छडा लावला, तेव्हा दिव्याच्या गॅसमधले इथिलीन त्याला कारणीभूत असल्याचे आढळले. आफ्रिकन व्हायोलेटला तर हा वायू अगदी सोसत नाही. थोड्या इथिलिननेही त्याची टवटवीत फुले गळून पडतात. त्या काळच्या दिवाणखान्यांत अ‍ॅस्पिडिस्ट्रा दिसे, कारण अंधार, धूर आणि दुर्लक्ष हे सारे सोसून ते जगते. घरात कोणते झाड राहील हे माणसाच्या आवडीइतकेच घरातली हवा ठरवत होती.

विसाव्या शतकात ती हवा पालटली. गॅसच्या जागी वीज आली, शेगडीच्या जागी सगळ्या खोल्यांत सारखी ऊब पोचवणारी यंत्रणा आली, खिडक्यांच्या काचा मोठ्या झाल्या. 1938 मध्ये फ्लोरोसंट नळ्या विक्रीला आल्या आणि खिडकीचीही सक्ती उरली नाही. उसांबराच्या जंगलात हे रोप झाडांच्या सावलीत, ओलसर कातळाच्या फटींत मूठभर मातीवर वाढते. त्याला थेट ऊन नको, गाळून आलेला उजेड हवा आणि साधारण 18 ते 25 अंश तापमान हवे. माणसाला खोलीत जेवढी ऊब सुखाची वाटते, जवळजवळ तेवढीच. माणसाने घर स्वतःच्या सोयीसाठी बदलले आणि नकळत या रोपाचीही सोय झाली.

पण नुसती सोय होऊन घरोघर प्रसार होत नाही. त्यासाठी रोप हातोहात जाणारे असावे लागते आणि इथे निर्णायक ठरले ते फूल नव्हे, पान. मधल्या फेरातले एक निरोगी पान देठासह काढायचे, देठ तीनेक सेंटिमीटर ठेवून तिरका कापायचा आणि ओलसर वाळूत किंवा परलाइटमध्ये खोचायचा. तीन-चार आठवड्यांत मुळे सुटतात. कापलेल्या टोकाजवळच्या वरच्या पातळ थरातल्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि दोन-तीन महिन्यांत मातीतून उंदराच्या कानांएवढी पाने वर येतात. एका पानाच्या बुडाशी अनेकदा तीन-चार रोपे मिळतात, आणि ती बहुधा मूळ रोपासारखीच असतात. बियांचा खर्च नाही, काचघर नाही. ओल्या कागदात गुंडाळलेले पान टपालानेही जाते. शेजारणीकडून शेजारणीकडे रोप पोचायला याहून सोपा मार्ग कोणता?

यावर पहिला आक्षेप असा की श्रेय व्यापाऱ्यांचे आहे. लॉस एंजेलिसच्या आर्माकॉस्ट अँड रॉयस्टन या नर्सरीने जर्मनी आणि इंग्लंडहून बी मागवून हजारभर रोपे वाढवली आणि 1927 च्या सुमारास त्यांतून दहा वाण निवडले. ‘ब्लू बॉय’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. हे बीजभांडवल व्यापाऱ्यांचेच, यात शंका नाही. मात्र पुढे आलेले दुहेरी पाकळ्यांचे फूल, गुलाबी रंग, पानाच्या बुडाशी पांढरा ठिपका असलेले ‘ब्लू गर्ल’सारखे वाण हे आपोआप घडलेल्या बदलांतून आले. असे बदल जपायचे तर शेकडो सारख्या रोपांमधले एक वेगळे रोप ओळखणारी नजर लागते. काही बदल नर्सरीत टिपले गेले, पण रोज सकाळी कुंडी फिरवून पाहणारी माणसे घराघरांत होती. 1946 मध्ये अटलांटाला भरलेल्या प्रदर्शनातून अमेरिकेची आफ्रिकन व्हायोलेट संस्था उभी राहिली ती हौशी लोकांच्या बळावर. नव्या वाणांची जागतिक नोंद आजही तीच ठेवते. निगेच्या माहितीचेही तसेच. पाणी खोलीच्या तापमानाचेच द्यावे, गार पाणी पानावर पडले तर पिवळट डाग कायमचे उमटतात. सुती किंवा नायलॉनची वात कुंडीतून खालच्या भांड्यात सोडली की रोप हवे तेवढे पाणी स्वतः ओढून घेते. ही माहिती घरोघरी पोचली ती अशाच संस्थांच्या मासिकांतून आणि सभांतून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पानापासून बेगोनियाही होतो, स्ट्रेप्टोकार्पसही होतो. मग त्यांचे असे का झाले नाही? कारण घरात मानवणे आणि पानापासून सहज वाढणे या दोन्ही अटी एकत्र जुळाव्या लागतात. रेक्स बेगोनियाला गरम केलेल्या खोलीची कोरडी हवा सोसत नाही, स्ट्रेप्टोकार्पसची लांब पाने खिडकीच्या चौकटीत मावत नाहीत. आफ्रिकन व्हायोलेट चपटे, गोल आणि आटोपशीर वाढते. हाच नियम महाराष्ट्रात उलट बाजूने दिसतो. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात हे रोप छान फुलते, पण मे महिन्यात पारा चाळिशीकडे गेला की पाने मलूल होतात आणि जास्त पाणी दिले तर खोड कुजते. आपल्या घरांनी तुळस आणि मनीप्लांट सांभाळले, व्हायोलेट मोजक्या हौशी लोकांपुरते राहिले. आवड कमी होती म्हणून नव्हे, घर वेगळे होते म्हणून.

तिसरा आक्षेप असा की घरांनी हे रोप लाखोंनी वाढवले असेल, तर उसांबराची चिंता कशाला? ही समजूत धोक्याची आहे. घरोघरच्या बहुतेक वाणांचा उगम सुरुवातीच्या थोड्याशा बियाण्यात आहे आणि पानापासून केलेली रोपे ही मूळ रोपाची नक्कल असते. जंगलातली विविधता त्यांत नाही. ज्या वसाहती राजवटीच्या अधिकाऱ्याने हे रोप युरोपला पाठवले, त्याच राजवटीत उसांबराचे जंगल कॉफीसाठी तुटू लागले आणि 1893 मध्ये टांगाच्या परिसरात सिसलची लागवड सुरू झाली. पुढे चहाचे मळे आणि लाकूडतोड आली. 1997 मध्ये अमानी राखीव वन जाहीर झाले, तरी तुकड्यातुकड्यांनी उरलेल्या या अधिवासावरचे संकट टळलेले नाही. सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात फुलणारे ऱ्हिंकोग्लॉसम हे याच कुळातले आहे, तेव्हा सावलीतला कातळ फोडला की काय जाते हे आपल्याला दुरून समजून घ्यावे लागू नये.

म्हणून या रोपाच्या इतिहासात बॅरनचे नाव राहू द्यावे, पण त्याच्या शेजारी पान खोचणाऱ्या हजारो अनाम हातांनाही जागा द्यावी. आपल्या खिडकीत आफ्रिकन व्हायोलेट असेल तर येत्या हिवाळ्यात एक पान लावून कुणाला तरी रोप द्या, आणि देताना ते कुठल्या जंगलातून आले हेही सांगा.