तकलामकानची वाळू व मार्गबंधन

वाळूवर बांधलेलें टिकत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मध्य आशियांतील तकलामकान वाळवंटाचा इतिहास पाहतां ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या वाळवंटांतील प्राचीन व्यापारी मार्ग सामान्यतः त्याच्या उत्तर व दक्षिण कडांच्या मरुद्यानांवरून जात. दक्षिण मार्गावरील निया येथें ऑरेल स्टाइन यांस १९०१ सालीं खरोष्ठी लिपींतील प्राकृत काष्ठपट्टिका सांपडल्या. त्यामुळें हें स्थळ आपल्या अभ्यासकांस परिचित आहेच. पुढें १९०७ सालीं त्यांनीं या वाळवंटाच्या पूर्वेस, तुन्हुआंगजवळ, हानकालीन तटबंदी तपासली. बोरूच्या व झाऊच्या काटक्यांच्या जुड्या आणि तेथलीच खडी व माती यांचे एकाआड एक थर देऊन ती रचिलेली होती. जमिनींतील क्षारांनीं हे थर घट्ट धरिले, व सुमारें दोन हजार वर्षें तिचे भाग वाऱ्यास तोंड देऊन उभे राहिले.

१९९५ सालीं लुंताइ परगण्यापासून मिनफेंगपर्यंत, म्हणजे आजच्या निया गांवापर्यंत, वाळवंट मधोमध छेदणारा ५०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा रस्ता पुरा झाला. त्यांपैकीं सुमारें ४४६ किलोमीटर सरकत्या वाळूंतून जातात. पायाला तेथलीच वाळू घेतली. पाण्याच्या अभावीं ती कोरडीच, कंप देणाऱ्या यंत्रांनीं दाबली; तिजवर कृत्रिम धाग्यांचें कापड अंथरून खडी व डांबर यांचे पातळ थर दिले. सुटी वाळू पायाखालून सरकते. परंतु चोहोंबाजूंनीं कोंडून दाबली असतां तीच भार पेलते. कडेची वाळू रस्त्यावर येऊं नये म्हणून बोरूच्या काड्या रोंवून सुमारें एक मीटर बाजूचे चौकोन केले. गवताच्या काड्यांचे असे चौकोन १९५८ सालीं सुरू झालेल्या पाओतौ–लानचौ लोहमार्गावर शापोतौ येथें पूर्वींच उपयोगांत आले होते.

हानकालीन तट व हा रस्ता यांत थेट परंपरा आहे, असें मात्र म्हणतां येत नाहीं. जवळ असेल त्याच द्रव्यानें काम भागविण्याची निकड दोहोंस समान होती, इतकेंच.

यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. वाळू बांधतां येते. पाण्याची गोष्ट निराळी. या रस्त्याच्या दुतर्फा २००६ पर्यंत लाविलेली, सुमारें ४३६ किलोमीटर लांबीची झुडपांची रांग विहिरींच्या खाऱ्या पाण्यावर जगविली जाते. उलट, नियाच्या अवशेषांपर्यंत नदीचें पाणी आज पोंचत नाहीं. तेव्हां त्या नगराच्या नाशाचें खापर केवळ वाळूवर फोडण्यापूर्वीं अभ्यासकांनीं तेथील पाण्याचा इतिहास तपासणें अवश्य आहे.