निवाऱ्यापासून सेवेपर्यंत

म्हातारपणी आपले अंगण सोडून दुसरीकडे राहावे लागणे आपल्याकडे अजूनही कमीपणाचे मानतात. वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपण मुला-सुनांना दोष देऊन मोकळ्या होतो. तेथे राहणाऱ्या माणसाला सेवा कशी मिळते, हे विचारावयाचे राहून जाते. या प्रश्नाचा थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे.

पुण्यात 1863 साली डेव्हिड ससून यांच्या नावाने अनाथ-पंगूंसाठी एक गृह निघाले. 'निवारा' या नावाने ते आजही ओळखले जाते. या नावातच जुनी कल्पना दिसते : डोक्यावर छप्पर आणि पोटाला अन्न मिळाले की धर्म पुरा झाला. दान घेणाऱ्याने आणखी काय मागावे, अशीच तेव्हाची समजूत होती.

आपल्या जिल्ह्याला वेगळा धडा मिळाला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे जमीनदोस्त झाली. पुढे नवी गावे वसली, पक्की घरे मिळाली. परंतु उठताना हात देणारे माणूस भिंतींबरोबर मिळत नाही. सेवा ही शिकावी लागते आणि ती खेड्यातली बाईसुद्धा शिकू शकते, हे अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने दाखविले. साध्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या.

1995 साली महाराष्ट्र शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत 'मातोश्री' वृद्धाश्रमांची योजना आणली. त्यानंतर 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि किमान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम त्यात सांगितला आहे. सेवेचा व वैद्यकीय मदतीचा दर्जा ठरविण्याचीही तरतूद आहे. मात्र शासन असे आश्रम 'स्थापन करू शकेल', असे कायदा म्हणतो. 'करील' असे म्हणत नाही. या दोन शब्दांतले अंतर मागणी करणाऱ्यांनाच भरून काढावे लागते. माजी कायदामंत्री डॉ. अश्वनी कुमार यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा 2018 साली न्यायालयाने वृद्धांचा निवारा, आरोग्य व सन्मान हा हक्क मानला आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची व तेथील सोयींची माहिती गोळा करण्यास सांगितले. दान होते ते अशा रीतीने हक्क झाले.

पण हक्क कागदावरून खाटेपर्यंत कोण नेणार? येथे आपले काम सुरू होते. फळे वाटून फोटो काढण्यापुरती आपली भेट नसावी. रात्री हाक मारली तर कोण येते? अंथरुणाला खिळलेल्या आजीची कूस दर दोन तासांनी बदलतात का? न्हाणीघरात धरावयास दांडी आहे का? औषधांची नोंद कोण ठेवते? तक्रार केली तर बोलणी तर बसत नाहीत ना? एवढे विचारावे, उत्तरे वहीत लिहावी, आणि उणे असेल ते आधी चालकांना व मग समाजकल्याण कार्यालयाला लेखी कळवावे. पुढच्या महिन्यात तीच वही घेऊन पुन्हा जावे.

ज्यांच्याकडे विचारपूस करणारे कोणी येत असते, त्यांची हेळसांड सहसा होत नाही. ज्यांचे कोणीच येत नाही, त्यांच्यासाठी आपण जाऊ या.