परतण्यापुरतं लोखंड

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या अगदी उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज नावाचं मासेमारांचं गाव आहे. गावाजवळून ब्लॅक डक हा ओढा समुद्राला मिळतो. ओढ्याच्या एका अंगाला ग्रीनलंडहून आलेल्या व्हायकिंगांच्या, म्हणजे नॉर्स लोकांच्या, हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे अवशेष आहेत. लाकडी सांगाड्याभोवती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून ही घरं उभारली होती. भट्टीची झोपडी मात्र ओढ्यापलीकडे, एकटीच. ठिणगी घरांवर जाऊ नये म्हणून ती तिकडे बांधली असावी. तिच्यात सापडलेली काळपट, जड मळी ही अमेरिका खंडात लोखंड गाळल्याची आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी खूण आहे.

या लोखंडासाठी खाण खणावी लागली नाही. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं लोह दलदलीत वर येतं, हवा लागली की गंजतं आणि जिवाणूंच्या मदतीने त्याचे तांबूस खडे साचत जातात. हे खडे गोळा करून आधी भाजायचे, म्हणजे त्यांतलं पाणी उडून जातं. मग कोळशाबरोबर ते भट्टीत घालायचे आणि भाता चालवत राहायचं. कोळशाची भट्टीही जवळच सापडली आहे. एवढ्या आचेवर लोखंड वितळत नाही. वितळते ती मळी, आणि ती निथळून गेल्यावर तळाशी लोखंडाचा सच्छिद्र गोळा उरतो. तो तापलेला असतानाच ठोकून ठोकून घट्ट करायचा. गाळणारा हात फारसा सराईत नसावा, कारण खनिजातलं बरंचसं लोखंड मळीतच राहून गेलेलं आहे. इथे निघालेलं लोखंड सारं मिळून सुमारे तीन किलो असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मला या वस्तीची सगळी गोष्ट या तीन किलोंतच दिसते. ज्यांना कायमचं राहायचं असतं ते नांगराचा फाळ घडवतात, गोठा बांधतात, माणसं पुरतात. इथे ना गोठा सापडला, ना दफनभूमी. सापडले ते जुन्या खिळ्यांचे तुकडे. व्हायकिंगांच्या जहाजाच्या फळ्या एकीवर एक चढवून लोखंडी खिळ्यांनी आवळलेल्या असत. अटलांटिकच्या लाटांनी हे खिळे सैल होत, गंजत. ते उपटून नवे ठोकल्याशिवाय ग्रीनलंडला परतणं शक्य नव्हतं. तीन किलोंत शे-दोनशे खिळे होतात, म्हणजे एखाद्या जहाजाची डागडुजी. इथे वर्षानुवर्षं उत्खनन करणाऱ्या बिर्गिटा वॉलेस यांनी याला हिवाळा काढण्याचा आणि जहाजं दुरुस्त करण्याचा तळ म्हटलं. तळावरची माणसं दक्षिणेकडेही फिरत होती. बटरनट या अक्रोडाच्या जातीच्या फळाची टरफलं इथे मिळाली आहेत आणि ते झाड न्यूफाउंडलंडमध्ये उगवतच नाही.

१९६० मध्ये नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड किनाऱ्यावर जुन्या अवशेषांची चौकशी करत हिंडत होते. जॉर्ज डेकर या स्थानिक माणसाने त्यांना गवताखालचे हे उंचवटे दाखवले. गावकऱ्यांच्या समजुतीप्रमाणे ती मूळ रहिवाशांची छावणी होती. पुढच्या वर्षीपासून खोदकाम हाती घेतलं ते हेल्गे यांच्या पत्नी, पुरातत्त्वज्ञ आन्ने स्टीने इंगस्टाड यांनी. हेल्गे यांचं नाव सगळीकडे पुढे येतं, पण थरामागून थर उलगडून वस्ती सिद्ध केली ती आन्ने स्टीने यांनी. शंखजिऱ्याची टकळीची चकती आणि ब्राँझची टाचणी हाती आल्यावर इथले लोक नॉर्स असल्याबद्दल शंका उरली नाही. १९७८ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेलं.

हे लोक इथे होते ते नेमकं वर्ष २०२१ मध्ये कळलं, तेही लोखंडामुळेच. धातूच्या पात्याने तोडलेले तीन वेगळ्या झाडांचे तुकडे इथे होते. इसवी सन ९९३ च्या वैश्विक किरणांच्या उसळीची खूण त्यांच्या वलयांत सापडली. त्या वलयापासून सालीपर्यंत मोजल्यावर उत्तर आलं, १०२१.

नॉर्स लोक या किनाऱ्याला पुढेही विसरले नाहीत. १३४७ साली मार्कलँडहून, म्हणजे बहुधा लाब्रादोरच्या किनाऱ्यावरून, परतणारं एक ग्रीनलंडी जहाज वादळाने भरकटून आइसलँडला लागलं. तिथल्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे. जहाज लहान होतं आणि त्याला नांगर नव्हता.